अक्षरामागे आठ आणे

सराफ्यात आमचं दुकान एका दाराचं.
दिवसा कलम चालायची, संध्याकाळी शटर अर्ध्यावर,
ओट्यावर गराडूवाला कढई मांडायचा,
आणि दर माघात, अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी,
त्या तेलाच्या वासात चषक यायचा
पंच्यात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरवर.

सुगनचंद स्मृती चषक. आंतरकॉलेज फुटबॉल. सन एकतीस.
सुगनचंद म्हणजे गिरणीवाल्या सेठचा मुलगा,
एकोणिसाव्या वर्षी विषमज्वरानं गेला.
फुटबॉल तो कधी खेळलाच नाही, दादा सांगायचे.
तळवे सपाट होते त्याचे.
मैदानाच्या भिंतीवर बसायचा, खिशात शेंगदाणे,
जिंकणाऱ्यांना मूठ, हरणाऱ्यांना मूठ.

पहिलं नाव मेडिकलचं. आजोबांचा हात,
पोट सुटलेला ड, ऐसपैस क.
बत्तीस छावणी, तेहतीस छावणी, चौतीस पुन्हा छावणी;
आजोबा वैतागले, म्हणाले, यांचा शिक्काच करून ठेवतो.
बेचाळीसला नुसतं साल, आणि पुढे आडवी रेघ.
दोन्ही कप्तान तुरुंगात होते.
रेघेचे पैसे आजोबांनी घेतले नाहीत.

छप्पन्नात राज्याचं नाव बदललं.
बैठकीवरचं 'मध्य भारत' तसंच राहिलं;
खोडायचं का, हे कुणी सांगितलं नाही,
दादांनीही विचारलं नाही.

त्रेसष्टला तीन दिवस बरोबरी,
चौथ्या दिवशी चेंडूच फुटला.
दादांनी एका ओळीत दोन नावं बसवली, मुंगीएवढी,
आणि दोघांकडून पुरे पैसे वसूल केले.
अक्षरामागे आठ आणे.

चौऱ्याहत्तरला मारामारी झाली.
कुणीतरी पुलावरून फेकला.
कान्ह नदीच्या गाळात आठ दिवस होता,
मग हरलाल धोब्याच्या पायाला लागला.
दुरुस्तीला दोन महिने आमच्याकडे राहिला.
रात्री उशिरापर्यंत आतून ठकठक ऐकू यायची.
परत गेला तेव्हा पोचा जिथल्या तिथे.
असू दे, दादा म्हणाले, तीही आठवणच.

पुढच्या माघात नाव कोरायला घेतलं.
मी अकरा वर्षांची, शेजारी राळ तापवत होते.
चांदी कलमेखाली मुकाट जाते.
हा किरकिरला.
दादा थांबले नाहीत. नुसतं म्हणाले,
"ज्योतीकडे बघ, माझ्याकडे काय बघतेस."

त्याच वैशाखात ताईचं लग्न झालं.
ताट, तांब्या, पैंजण, करंडा,
सगळं चांदीचं; खांडव्यापर्यंत बोलबाला.

कितीतरी वर्षांनी, दादांचे डोळे गेल्यावर,
कलम माझ्या हाती आली तेव्हा
भिंग लावून मी वरून खाली सगळी नावं वाचली.
तोच ड, तोच क.
बेचाळीसची रेघ मात्र
उजवीकडे किंचित उतरलेली.
दादांची रेघ उतरायचीच.

नंतर काचेच्या ट्रॉफ्या आल्या, मग फायबरच्या.
चषक प्राचार्यांच्या कपाटात, किल्ली हरवलेली.

परवा एक मुलगी आली स्कूटरवरून,
दोन पायांत चषक, हेल्मेट कोपरात.
कपाट फोडलं आम्ही, म्हणाली.
मुलींचा संघ पहिल्यांदाच जिंकलाय,
काचेचं ते दोघींनी घरी नेताना फुटलं.
पल्लवी मुकाती. गोलरक्षक. करंगळीला पट्टी.
बाहेर जागा उरली नव्हती.
मी काठाच्या आत कोरायला घेतलं,
जिथे नाव वाचायचं तर तोंड आत घालावं लागेल.

कलम किरकिरली.
"आंटी, चांदीच आहे ना हा?"

ताईचा करंडा अजून आहे. त्यात कुंकू असतं.
मी फुंकर मारली, कीस तिच्या ओढणीवर उडाला,
पिवळा.
तिनं तो झटकला नाही, चिमटीत धरून पाहिला.

"किती झाले?"

अक्षरामागे वीस रुपये, मी म्हटलं.
रेघेचे घेत नाही.