नळकांडं, नग तीन

उद्यमनगरात, दस्तगीरमामांच्या लेथवर
मी नकाशा पसरला. नळकांडं,
त्याच्या आत नळकांडं, त्याच्याही आत.
"ह्यो आरसा?" मामा म्हणाले. "तोंड कुठं बघायचं ह्यात?"

तोंड नाही बघायचं, मामा.
हा उजेड समोरून आला तर थांबतच नाही,
काचेतून, कातड्यातून, हाडातून
निघून जातो, ओळख न दाखवता.
त्याला वळवायचं तर कडेकडेनं,
पाव अंशाहूनही कमी तिरपं धरून,
नुसतं चाटून जाऊ द्यायचं.

मामांनी चष्मा कपाळावर सारला.
"म्हंजे रंकाळ्यात खापरी मारतो तसं."

तसंच.
संध्यामठाकडच्या पाण्यात सरळ टाकलेल्या सगळ्या बुडाल्या,
आडवी सोडलेली एक सात टप्पे घेत गेली.
माझा चारशे पानांचा प्रबंध
त्या सातव्या टप्प्याच्या
फार पुढे गेलेला नाही.

"आन् गुळगुळीत किती?"
मामांचं माप सुतात, थाऊत. मी अणू मोजून सांगितले.
खरे आरसे दुसरीकडे होतील, म्हटलं,
शेकडो थर चढतील त्यांवर, टंगस्टन, सिलिकॉन, पुन्हा टंगस्टन.
हे फक्त धरायचं कसं ते शिकायला.
मामा लेथच्या बेडवर हात ठेवून उभे राहिले.
"दुपारी हे तापून फुगतं. रात्री आकसतं.
पलीकडं फौंड्रीत घण पडला की सुई हलती माझी."

वरही तेच आहे.
आरसा इथं, आणि टिपणारा डोळा
रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यापाशी.
मधे घडी उलगडलेला एक खांब,
उन्हात केसभर वाकणारा,
सावलीत पुन्हा सरळ होणारा.
तेवढ्या केसात
धुळीआडचं एखादं कृष्णविवर
हातचं निसटतं.

"उडणार कधी?"
मंजूर झालं तर वीस वर्षांनी.
मामा अडुसष्टचे. बोटांवर काहीतरी मोजलं,
मग चकमध्ये तुकडा आवळला,
टूल जरासं कललं,
आणि ॲल्युमिनियमची पहिली साल
वळत वळत माझ्या चपलेवर पडली.

निघताना बिलबुक काढलं.
आरसा लिहा, मी म्हणाले.
मामांनी पेन झटकलं, लिहिलं,
नळकांडं, नग तीन.
ॲडव्हान्स पोचला.