चार दिवसांची स्प्रिंग

उदगीरला बिदर रोडवर, वजनकाट्याच्या पलीकडं
गुरपादप्पा मिस्त्रीचं पत्र्याचं शेड.
सकाळपासून माझी पद्मिनी तिथं बॉनेट वर करून उभी,
दाताच्या डॉक्टरपुढं आ वासून बसावं तशी.

"ऐकायलात का?" तो म्हणतो.
ऐकतो. टक टक टक, मग एक विसरलेली,
मग दोन घाईघाईत,
मग सायलेन्सरमधून फाट्!
रसवंतीखालचा कुत्रा उठून जागा बदलतो.

प्लग नवे. कंडेन्सर नवा.
पॉइंट घासून, फट पातीनं मोजून झालेली.
तरी जळकोटच्या चढाला ही खाली मान घालते
आणि सपाटीवर उगंच उधळते.
"कधी ठिणगी लौकर पडायली, कधी उशिरा,
हिचं हिलाच कळंना की ओ."

पुतण्यानं लातूरहून टायमिंग लाइट आणलाय, पिस्तुलासारखा.
त्याचा चिमटा एक नंबरच्या वायरला,
पुलीच्या खाचेत खडूची रेघ,
दाराला गोणपाटाचा पडदा, ऊन बाहेर.

मी जन्मभर लग्नांत फ्लॅश मारला.
मला एवढं कळतं
की उजेड बरोबर वेळेला पडला तर फिरतं चाकही उभं राहतं,
अक्षता नवरदेवाच्या डोक्यावर वीतभर थांबतात,
मामाचं तोंड जांभईत सापडतं.
म्हणून दिवा मीच धरला.

रेघ काही थांबेना.
खुणेच्या अलीकडं, पलीकडं,
दहा अंश, चौदा, परत सहा,
ग्रुप फोटोत हलणाऱ्या पोरासारखी.

इंजिन बंद केलं. त्यानं क्लॅम्पचा नट बघितला. घट्ट.
चेन थोडी सैल, पण इतकी नाही.
मग डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढलं,
रोटर चिमटीत धरून पिळला आणि सोडला.
त्यानं झटक्यात परत यायला पाहिजे होतं.
आला निम्मा, आणि तिथंच रेंगाळला,
शाळेत जायचं नसलेल्या पोरागत.
"हितंच हाय."

प्लेट उचलली. खाली दोन वजनं,
वेग वाढला की बाहेर झेपावणारी,
आणि त्यांना आवरायला दोन स्प्रिंगा.
एक कंपनीची, काळी, अंगानं भरलेली.
दुसरी बारीक, लांबोडकी,
टोकं पक्कडीनं वाकवून आकडे केलेले,
ताणून ताणून जीव गेलेला.

"कुण्या गाढवानं पेनाची स्प्रिंग घातलीय की ओ इथं!
असल्याच्या हातात पाना देऊ नये.
असल्याला बैलगाडीचं वंगणसुद्धा
लावू देऊ नये!"

मी दिव्याची वायर गुंडाळत बसलो.

हाणेगावचं लग्न उरकून येताना,
रात्री दीडला, देगलूरच्या अलीकडं बंद पडली होती.
तेव्हा सायकलवर एक पोरगेला मिस्त्री आला,
दातांत बॅटरी धरून अर्धा तास वाकला,
मग बॅटरी तशीच ठेवून
बोटानं माझ्या खिशाकडं खूण केली.
"चार दिवस चालंल. हळू न्या. मग या."
सात रोल शाबूत घरी पोचले.
मी चार दिवसांनी गेलो नाही.
त्यानंही विचारलं नाही.
त्यानंतर त्या मुलीचीच मुलगी मी स्टेजवर उभी बघितली.

"असतात काही लोक," मी म्हणालो.

भंगारातल्या डिस्ट्रिब्यूटरमधून त्यानं जोडी काढली,
रॉकेलमध्ये बुडवली, फुंकली, बसवली.
शाफ्टचा बुशही खाल्लेला निघाला,
तो लेथवाल्या शकीलनं चहा गार व्हायच्या आत कातून दिला.
परत पडदा. परत दिवा.
खडूची रेघ खुणेसमोर येऊन उभी राहिली,
पापणीसुद्धा न हलवता.
आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो, जरा जास्तच वेळ.

बिल लिहायला त्यानं पेन मागितला.
मी खिशातला दिला.
त्यानं खटका दाबला. सोडला.
परत दाबला.
एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा ताटलीतल्या त्या वाकड्या तारेकडं.
मग बुश लिहिलं, मजुरी लिहिली,
खाली ‘स्प्रिंग’ लिहिलं,
आणि त्याच्यापुढची जागा
तशीच ठेवली.