सभा मरली

जनकगंजात, होमिओपॅथीच्या दवाखान्यावरच्या खोलीत
मी आणि भूपेंद्र कुशवाह.
त्याच्याकडे यंत्र, माझ्याकडे भिंग,
मध्ये वाचनालयाचे चौदा छापील अहवाल,
सन एकोणतीस ते बेचाळीस.
वाचनालय आता नाही.
तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

भूपेंद्र पान काचेवर पालथं घालतो,
झाकण हळूच दाबतो,
हिरवट उजेड एकदा सरकून जातो
आणि पडद्यावर उतरतं:
ता. ९ मार्च रोजीं दुपारीं चार वाजतां
वार्षिक सभा मरली.

यंत्राची काय चूक.
छापखान्याच्या खिळ्यातच भ ची गाठ झिजलेली.
मी म खोडतो, भ घालतो.
सभा भरते.
एकतीस माणसं परत येऊन सतरंजीवर बसतात,
कुणीतरी खोकतं,
आणि 'रवजिनदार' खजिनदार होऊन
बत्तीस रुपये सात आणे शिल्लक वाचून दाखवतो.
(बेरीज मी तपासली. एक आणा कमी आहे.
एजी ऑफिसची सवय, जात नाही.)

ळ मात्र ह्या यंत्राला दिसतच नाही.
कधी ल लिहितं, कधी ठ,
कधी नुसता रिकामा चौकोन.
"अंकल, ये लेटा हुआ आठ क्या है?"
मी म्हणतो, ळ.
तो म्हणतो, ल.
जीभ मागे ने, टाळूला लाव, सोड.
तो म्हणतो, ड़,
आणि दोघं हसतो, सकाळच्या बेडईचे हात पुसत.

त्याला बोलू कुठल्या तोंडाने?
माझं आडनाव मुळ्ये.
नोकरीच्या पहिल्याच दिवशी हजेरीपटावर
बडे बाबूंनी लिहिलं 'मुले'
आणि पस्तीस वर्षं मी मुले होतो,
लग्न न केलेला,
एकटाच,
बहुवचनात.
पेन्शनसुद्धा मुले यांनाच येते.

सदतिसाव्या सालची वर्गणीदारांची यादी.
क्रमांक शेहेचाळीस:
श्रीमती कृष्णी हरि पोफळे.
कागदावर ह्या नावावर जांभळी रेघ आहे,
ओली करून ओढलेल्या पेन्सिलीची, जाड,
दुसऱ्या बाजूला उमटलेली.
समासात दोन शब्द. पाणी लागून फुटलेले.
भिंगातून पाहिले, खिडकीशी नेऊन पाहिले,
पहिला 'न' असावा.
वर्गणी थकली होती?
गाव सोडलं होतं?
की बाईमाणूस पुस्तकं नेतं म्हणून कुणी

नाही, अंदाज लिहायचे नाहीत.

यंत्राने ती रेघ मोजलीच नाही.
अक्षराला वर एक रेघ असते एवढंच ते शिकलंय,
मधली आणखी एक असेल म्हणून सोडून दिली,
आणि पडद्यावर बाई उभी,
स्वच्छ, काळी, इतरांसारखीच,
फक्त 'पोफले'.

"काटना है?" भूपेंद्र विचारतो.
अक्षरांवर रेघ मारायचं बटण असतं.
त्याचं बोट त्याच्यावर.
एवढ्यात वीज जाते, इन्व्हर्टर पी पी करू लागतो,
शेचाळीस अंशांची दुपार पंख्याशिवाय
एकदम जवळ येऊन बसते.

कागद आणि फाइल जुळली पाहिजे, हे खरं.
पण आमच्या खात्यात आणखी एक नियम होता,
तो मी पस्तीस वर्षं पाळला:
सही नसलेली खाडाखोड
ग्राह्य धरायची नाही.

मी ल च्या जागी ळ घालतो.
खाली तळटीप:
मूळ प्रतीत ह्या नावावर रेघ आहे.
रेघ मारणाऱ्याची सही आढळली नाही.
नाव कायम.

"आगे?"
सत्तेचाळीस. टेंबे, दत्तात्रय विष्णु.
भूपेंद्र मान पुढे करून नाव नीट बघतो.
ह्यात ळ नाही.
सुटला बिचारा.