अठरा मीटर चेहरा

केदेवचा चेहरा पहिल्यांदा चढवला तेव्हा
मी त्याच्या डाव्या कानापाशी होतो, दोरीवर.
मनामा, सीफचा चौक, ऑगस्ट. समुद्राचा वारा म्हणजे ओला टॉवेल.
कान एवढा, की आमच्या खोलीतला पंखा त्यात मावला असता.
खालून कुट्टप्पन ओरडत होता, "गालावर सुरकुती! गालावर!"
मी तळव्याने गाल सपाट केला.
हनुवटीखाली लिहिलं होतं: दयामाया नाही.
अरबीत आणि इंग्रजीत. मराठीत मी लावून घेतलं.

हरेश्वर मुरकर श्रीवर्धनचा. केदेव उतरला
त्या हॉटेलात बॅगा उचलायचा.
फोनवर म्हणाला, "साधा आहे रे. सकाळी नऊ अंडी खातो,
पिवळं काढून बशीच्या कडेला ठेवतो."

मॅच कॅम्पात बघितली, बारा जणांत एक फोन.
पिंजऱ्याचं दार लागलं.
समोरचा पोरगा खाली गेला, मान अडकली,
त्याने गादीवर तीनदा हात आपटला
आणि केदेवने सोडलं. लगेच.
आमच्या क्रेनचा ड्रायव्हर अय्यूब संध्याकाळी जिममध्ये लढतो.
म्हणाला, "खेळ एवढाच. बाकी बाजार."
मग केदेवने हरलेल्याच्या कपाळाला कपाळ लावलं.
मला तो आवडला. लपवून काय करू.

पहाटे तीनला, लॉबीत,
बॅग चुकीची आली म्हणून
किंवा लिफ्ट उशिरा आली म्हणून,
कागदावर दोन्ही कारणं आहेत,
हरेश्वर संगमरवरावर होता आणि मान त्याच हातात.
त्याला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही.
तरी हात आपोआप आपटला म्हणे,
तीनदा. मग चौथ्यांदा. पुढे मोजलं नाही.
लॉबीत पंच नसतो.
कारंजं चालू होतं.

दुसऱ्या दिवशी निरोप: चेहरा उतरवा, रात्रीच्या आत.
संयोजक म्हणाले, ही आमच्या खेळाची प्रतिमा नव्हे.
प्रतिमा मी घडी घालून ट्रकात टाकली. नव्वद किलो भरली.
अय्यूब दिवसभर बोलला नाही.
त्याचे कान फुललेले, लढणाऱ्यांचे असतात तसे;
पेट्रोल पंपावर एका बाईने ते पाहिले
आणि पोराला जवळ ओढलं.

फ्लेक्स चांगला होता, टाकवला नाही.
सित्र्याच्या कॅम्पात स्वयंपाकाच्या शेडवर ताणला, चेहरा आतून.
आठ महिने केदेव आमच्या साफीच्या कालवणात वाकून बघत होता.
धुराचा पाइप काढायला नजमुद्दीन वांगडेने
त्याच्या गळ्यालाच भोक पाडलं.
नोकरी गेल्यावर हरेश्वर आमच्यात आला.
जेवायला नेमका त्या कपाळाखाली बसायचा.
"इथे सावली जास्त," म्हणायचा. आवाज अजून खरखरीत.
दिनार किती मिळाले ते सांगत नाही.
मिटलं म्हणतो. सही केलीय.

काल कुट्टप्पनचा फोन.
केदेव परत येतोय. तिकिटं दुप्पट भावाने, तरी संपली.
लॉबीतला व्हिडिओच आता जाहिरातीत आहे,
हरेश्वरचं तोंड धुरकट करून.
"नवी छपाई वेळेत होत नाही. जुना ठेवलायस का रे?"

साबणाने घासला. हळद काही गेली नाही.
गळ्याला मागून ठिगळ लावलं. टाके हरेश्वरने घातले,
जाळं दुरुस्त करतात तसे, बारीक, गाठ मारून मारून.
मी म्हटलं, तू कशाला?
"वारा शिरला तर फाटेल," एवढंच म्हणाला.

आता मी पुन्हा डाव्या कानापाशी.
खाली गाड्या कॉजवेकडे चालल्यात.
एक पोरगा खिडकीतून मुठी वळवून दाखवतो,
मला नाही, त्याला.
कुट्टप्पन ओरडतो, "गळ्यावर सुरकुती! गळ्यावर!"
मी हात नेतो, ठिगळावर ठेवतो.
सुरकुती नाही ती, वरून सांगतो.
वाऱ्यात त्याला ऐकू जात नाही.