तळाशी दोन निळी वर्तुळं

दारूबंदीच्या गावात
साकेच्या कारखान्याबद्दल बोलायचं
म्हणजे आधी दार लोटून घ्यावं लागतं.
मी लोटलं नाही.
दांडिया बाजारात आमच्या गॅलरीला लागून
पंचालबेनची गॅलरी, त्या सारेवड्या वाळत घालत होत्या.
ऐकू दे त्यांनाही.

एकतीस वर्षं मी मकरपुऱ्याच्या औषध कंपनीत
बुरशी शोधली.
काचेच्या बशीत पांढरा ठिपका दिसला
की अख्खा लॉट रद्द.
लाल शाई, माझी सही.
घरी शिळ्या भातावर कापूस धरला
तर पातेलं दोनदा उकळायचं.
आणि केतकी मला घेऊन गेली कुठे,
तर भाताला मुद्दाम बुरशी लावतात तिथे.

दारावर हिरव्या डहाळ्यांचा गोळा टांगलेला,
आपल्या पाण्याच्या मोठ्या माठाएवढा.
हिवाळ्यात ताजा बांधतात म्हणे.
तो तपकिरी पडला की रस्त्यावरच्यांनी ओळखायचं,
आत मुरलंय.
मला आमचा आसोपालव आठवला,
दिवाळीचं तोरण होळीपर्यंत दारावर करपत राहतं.
त्याला आपण आळस म्हणतो.

चपला काढल्या, टोपी घातली, हात धुतले
(कोपरापर्यंत, सवयीने).
टेबलामागच्या बाईंनी वाकून विचारलं,
सकाळी दही खाल्लंय का?
केतकीने माझ्याकडे पाहिलं.
नव्या जागी जायचं म्हणून तिनेच तर
हॉटेलात चमचाभर दही-साखर हातावर ठेवली होती,
बडोद्याहून निघताना मी तिच्या ठेवायचे तशी.

मग मला त्या खोलीत सोडलं नाही.
दह्यातले जंतू माझ्याबरोबर आत गेले असते,
त्यांची बुरशी बिघडली असती.
बाई तीनदा वाकल्या, मीही वाकले.
मनात म्हटलं, बरोबर आहे तुमचं,
मीही नसतं सोडलं.

म्हणून मी संग्रहालयच जास्त पाहिलं.
माणूस उभा मावेल अशी लाकडी पिंपं,
बांबूचे पट्टे, लांब दांड्याची फावडी,
गवताच्या चपला, माझ्याही पायाला लहान.
शेतं बर्फाखाली गेली की शेतकरी इथे यायचे,
घड्याळ नसायचं,
गाणं संपलं की ढवळणं थांबवायचं.
एका बशीत तांदूळ, जसा शेतातून आलेला.
शेजारच्या बशीत तोच, घासून घासून निम्मा उरलेला,
गोल, साबुदाण्यासारखा.
मी विचारलं, घासून गेलेल्याचं काय करता?
लोणचं, म्हणाल्या.
निवृत्त झाल्यापासून कुणी मला
इतकं चांगलं उत्तर दिलं नव्हतं.

शेवटी एक काच होती.
काचेपलीकडे विशीतला मुलगा
वाफाळता भात कापडावर पसरत होता.
पसरायचा, थांबायचा,
हाताची पालथी बाजू लावून बघायचा.
विरजण लावताना मी करंगळी बुडवते
ती अशीच, श्वास धरून.
थर्मामीटर त्याच्याही मागे भिंतीवर होता.

बाटली केतकीकडेच ठेवली.
अहमदाबादला बॅग उघडली तेव्हा
अधिकाऱ्याला सापडला फक्त पांढरा पेला,
तळाशी दोन निळी वर्तुळं, एकात एक.
हे काय? म्हणाला.
म्हटलं, पारखायला. गढूळ असेल तर
वर्तुळांची कड दिसत नाही.
त्याने पेला उजेडात धरला,
आत काहीच नसताना बराच वेळ पाहिलं.

आता मी त्यात पाणी घालते.
आजव्याचं पाणी, वर्तुळं दिसतात.
परवा आलं तेव्हा बाहेरचंच दिसलं,
आतलं नाही,
नगरपालिकेला फोन केला.

पंचालबेन एवढं सगळं ऐकून
कठड्यावर रेलल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या,
पीधुं?
म्हटलं, प्यायले. एवढासा घोट.
कसं होतं?
मी आठवू लागले. पिकलेलं टरबूज, ओला तांदूळ,
आणि मागून काहीतरी, ज्याला माझ्याकडे
मराठीत नाही, गुजरातीतही नाही.
त्यांनी वाट पाहिली.
मग सारेवडी उलटत म्हणाल्या,
ते जाऊ दे.
पण दही न खाता
ती माणसं घराबाहेर पडतात कशी?