जागा, हाक, वाट, वारा, रक्त

कुटिन्हो बाईंनी सोसायटीच्या ऑफिसात
डिझेलच्या कुपनांची थप्पी बाजूला सारून
टेबलावर एक रबरी माणूस निजवला होता.
त्याला पाय नव्हते.
आम्ही अकरा जणी, एक बर्फवाला
आणि चहा घेऊन आलेला पोरगा
तोंडाला पदर, फडकं, जे मिळेल ते लावून हसलो.
बाई हसल्या नाहीत. थांबल्या, मग म्हणाल्या,
पाच गाठी आहेत. बोटांना शिकवा, डोक्याला नको,
डोकं त्या दिवशी कामावर नसतं.
जागा. हाक. वाट. वारा. रक्त.
मधली गाठ सोडलीत तर पुढचं जाळं सुटलं.

मी हजेरीपुरती गेले होते.
सर्टिफिकेट अजून विजेच्या बिलांखाली आहे.

ससून डॉकवर पहाटे साडेचारला
विंचचा दोर तुटला.
ओलं गोणपाट फरशीवर आपटावं, तेवढाच आवाज.
मग हरेश्वरचा.
माझा भाऊ, बसलेला, उजवा हात छातीशी धरून,
कोपरापर्यंत लाल,
आईला हाका मारत होता,
आमच्या आईला, जी कधीच गेली.
सगळा धक्का त्याच्याभोवती गोळा झाला.
बर्फाच्या पेट्यांपाशी
आणखी एक जण पालथा पडला होता.
त्याच्याभोवती कोणी नव्हतं.
तो काहीच म्हणत नव्हता.

माझे पाय भावाकडे वळलेच होते.
जागा, म्हणाल्या कुटिन्हो बाई
माझ्याच दातांच्या मागून.
विंच अजून फिरत होता,
उरलेला दोर डेकवर तोंड शोधत होता.
इंजिन बंद कर, मी ओरडले, आधी इंजिन,
आणि ते बंद होईस्तोवर
भावापासून चार हातांवर नुसती उभी राहिले.

मग त्याच्यापाशी गेले आणि पुढे गेले.
जाता जाता द्वारकामावशीच्या हातात माझी ओढणी कोंबली:
दाब. जोरात. थांबलं का बघायलासुद्धा उचलू नको.
त्याने माझं नाव घेतलं.
मी वळले नाही.

हाक मारायला नाव लागतं.
याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं,
श्रीकाकुळमचा, एवढंच, आठ दिवसांपूर्वी बोटीवर आलेला.
भाऊ. बाबू. अरे ए.
दोन्ही खांद्यांवर थोपटलं. नाही.
बर्फवाल्याने डोकं धरलं, मी अंग धरलं,
मान न मुरडता उताणा केला.
गळ्यात घरघर, नळात हवा अडकते तशी.
तोंडात तंबाखू, लाळ, एक तुटका दात,
दिसलं तेवढं बोटाने काढलं,
कपाळ मागे, हनुवटी वर,
काजळ घालताना तान्ह्याला धरतो तशी.

घरघर थांबली. आणि काहीच ऐकू येईना.
वारा.
गाल त्याच्या तोंडाशी, डोळे छातीवर, दहापर्यंत मोजायचं.
एक, दोन,
पलीकडे कोळंबीचा लिलाव चालूच होता,
त्यांचे आकडे माझ्या आकड्यांत शिरत होते,
चार, साडेचारशे, पाच,
सहाला गालावर काहीतरी कोमट.
विडीचा वास.
आयुष्यात तो वास मला कधी आवडला नाही.

रक्त: पाठीखालून तळवे फिरवले, बाहेर काढून पाहिले.
खवले, मासळीचं पाणी. बाकी काही नाही.
कुशीवर वळवला
आणि तेव्हा, तेव्हाच,
भावाकडे जायला उठले.
माझे गुडघे उठेनात.

त्या माणसाचं नाव इस्पितळात कोणीतरी फॉर्मवर लिहिलं,
मला ते नीट वाचता आलं नाही.
आता कुठल्या बोटीवर असतो, ठाऊक नाही.

हरेश्वरची दोन बोटं वाकत नाहीत.
चार महिने त्याने विचारलं नाही.
मग एकदा, बोंबलाचा काटा काढता काढता,
ताटाकडेच बघत:
मी ओरडत होतो गं.
म्हटलं, म्हणूनच.
त्याने डाव्या हाताने भात कालवला.
आणि गप्प असतो तर?
तर आधी तू.

तेव्हापासून घरात काही बिनसलं
की हा मेला ओरडत नाही.
ओटीवर जाऊन मुकाट बसतो,
आणि मला हातातलं टाकून
जावं लागतं.