अनोळखी, एक नग

भादव्यात, रात्री दोनला
गोकुंद्याच्या दवाखान्यात इंजाबाई आणि तिचा नवरा आले,
कुणाच्या तरी टमटममधून,
दोघांत एक बादली धरून.
संध्याकाळी काय खाल्लं, विचारलं
तर ती म्हणाली, छत्र्या. उकिरड्यामागच्या.
लई पांढऱ्या होत्या हो ताई,
धुऊन वाळत घातल्यागत.

सकाळी दोघं चहा मागू लागले.
उरलेली एक छत्री फडक्यात होती.
मी ती बाटलीत घातली, झाकण लावलं,
चिठ्ठीवर लिहिलं:
अनोळखी, एक नग.

एकवीस वर्षं मी काचपट्टीवर नावं शोधते.
मलेरिया आहे, नाही. जंत आहेत, नाहीत.
नाव सापडलं की खाली सही.
या चिठ्ठीखाली हात वळेना.

रविवारी लचमाबाई आत्रामसोबत सागात गेले.
भादव्यात सागाची पानं म्हणजे चाळण,
अळ्यांनी शिरा तेवढ्या ठेवलेल्या,
आणि त्या जाळीतून गळालेला उजेड
खाली जागोजाग पडलेला,
छत्रीएवढा, छत्रीसारखाच पांढरा.
मी तीनदा उजेड खुडायला वाकले.
लचमाबाई हसली नाही.
तिनं फक्त पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

वहीत मी लिहीत होते:
टोपी चार बोटं. मधोमध टोक.
खाली पापुद्रे, दाट, मळकट पांढरे.
देठाला कडं नाही.

"वरवर काय बघू लालीस?
वरून समदे सारखेच."
आणि काडीनं ती देठाभोवतीची माती काढत गेली,
काढत गेली,
वारुळात हात कोपरापर्यंत.
देठ संपेचना.
आधी बोटाएवढा, मग काडीएवढा, मग सुतळीएवढा
आत, खाली, उधईच्या घरापर्यंत गेलेला.
"हिला घर हाय," ती म्हणाली. "ही खायची."
बोटं माझ्या नाकाशी धरली:
ओल्या पिठाचा वास,
आणि तंबाखूचा. तो तिचा.

पुढं सालईच्या बुंध्याशी एक एकटीच उभी,
देखणी, उंच,
पायात फाटका मोजा घातल्यासारखी.
हिचं नाव काय?
"हिला नाव देत न्हाईत.
नाव दिलं की पोरं हाक मारत्यात."
आणि तिला वळसा घालून गेली,
सासऱ्यासमोरून जावं तशी, पदर सावरत.

तिसऱ्या दिवशी
माझ्याच क्वार्टरमागं, पाण्याच्या टाकीखाली, गवतात,
सात उगवल्या.
ताटलीएवढ्या. वर तपकिरी खवले.
देठाला कडं, बांगडीसारखं, वरखाली सरकणारं.
खणून पाहिलं. घर नव्हतं.
शेजारच्या सिस्टर कढई घेऊनच आल्या,
म्हणाल्या, एवढं चांगलं वाया कशाला?
मी म्हटलं, उद्या सांगते.

एक टोपी तोडली, पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली,
वर स्टीलचं पातेलं.
रात्रभर पातेल्याखाली काही घडत होतं
आणि मी पलीकडच्या खोलीत
उगीच हळू चालत होते.

सकाळी उचललं.
पापुद्र्यांची रेघ न् रेघ कागदावर उतरलेली,
इतकी नीट की आमच्या मशीनचा रिपोर्टही तसा येत नाही.
हिरवी.
मुगाच्या धुवणासारखी, फिक्कट, खरीखुरी हिरवी.

सिस्टरना कागद दाखवला.
त्या कढई घेऊन परत गेल्या, काही न बोलता,
वाटेत एकदा थांबून
उरलेल्या सहांकडं बघत.

पुस्तकात तिचं नाव सापडलं. लांबलचक, परदेशी.
रात्री दोन वाजता बादली धरून बसलेल्या बाईला
ते सांगता येणार नाही.
मी बाटलीवरची चिठ्ठी काढली, नवी लावली:
उकिरड्यामागची. कड्याची. ठसा हिरवा असावा.
"असावा" वर बराच वेळ पेन थांबलं.
बाटलीतली आता ठसा देण्यासारखी राहिली नव्हती.
सही केली.

गुरुवारी इंजाबाई रक्ताचा कागद न्यायला आली.
खिडकीतून फळीकडं बोट केलं,
हीच का ती?
मी बाटली हातात दिली.
तिनं ती उजेडात धरली, हलवली, फिरवली,
माझ्यापेक्षा जास्त वेळ.

"दिसायला," ती म्हणाली,
"अजून बी चांगलीच हाय."